बांधावरचं पांढरं कुत्रं

इसिडोर मिस्किटाला दुपारच्या झोपेत एक स्वप्न पडायचं. वयाच्या नवव्या वर्षापासून ते पडत आलं होतं आणि चोपन्नाव्या वर्षीही त्यात फारसा फरक नव्हता. कापणी झालेलं शेत. ऊन कललेलं. लांब, सरळ बांध, आणि त्या बांधावरून एक बुटकं पांढरं कुत्रं पळत चाललंय. एका कानावर तपकिरी डाग, शेपूट ताठ, पाय जमिनीला लागतायत की नाही ते कळू नये अशी चाल. कुत्रं कुठून आलं, कुठे निघालं, पत्ता नाही. बांध संपायच्या आत इसिडोरला जाग यायची. मग तो खाटेवर तसाच पडून राही, जिभेवरचा गुळाचा खडा विरघळू द्यावा तसा.

स्वप्नाला मूळ होतं. तो लहान असताना मरोळला जमीन मोजायला एक गोरा साहेब आला होता. साहेबाबरोबर तसलं कुत्रं होतं. गावातली मोठी माणसं साहेबाच्या साखळीकडे बघत होती, इसिडोर कुत्र्याकडे. त्याच्या डोळ्यांदेखत कुत्र्याने बांधातल्या बिळातून तीन उंदीर ओढून काढले, एकेकाला मानेला धरून एकच झटका दिला आणि चौथ्यासाठी माती उकरायला घेतली. पोराने बापाकडे तसलं कुत्रं मागितलं. बाप म्हणाला, साहेब जाऊ दे, मग बघू. साहेब गेला, त्याच्यामागे कुत्रं गेलं आणि बघायचं ते राहूनच गेलं.

पुढे इसिडोर रेल्वेच्या वर्कशॉपात डबे रंगवायला लागला. रंग कोणीही फासेल, पण डब्यावरचे आकडे लिहायचे ते इसिडोरने, असा तिथे रिवाज पडून गेला होता. त्याचा आठ पोटाने भरलेला आणि कमरेत बारीक असे. सातची मान अशी की बघणाऱ्याची मान आपोआप वळावी. मुंबईहून निघालेले त्याचे आकडे नागपूर-मद्रासपर्यंत फिरून येत, तो स्वतः मात्र कामावरून सुटला की सायकल हाणत घरी. घर गावठाणाबाहेर, ओढ्याच्या अंगाला, स्वतःच्या दीड एकर भातशेतीच्या कडेला. कौलारू, बुटकं, दारात क्रूस आणि मागे चिंच.

सहासष्ट सालच्या मे महिन्यात त्या दीड एकराचा निकाल लागला. कारखान्यांसाठी जमिनी जाणार होत्या, त्यात शेत गेलं, आणि शेताच्या कडेला असल्यामुळे घरही गेलं. आलेला अधिकारी भला होता. म्हणाला, हे पावसाळ्याचं पीक घ्या, नोव्हेंबरात ताबा द्या. इसिडोरने कागदावर सही केली, तीसुद्धा अशी सुबक की अधिकाऱ्याने कागद उचलून उजेडात धरला. त्याच्या लेकीने, पेट्रिशियाने, अंधेरी स्टेशनपासून पाच मिनिटांवर तिसऱ्या मजल्यावरचा दोन खोल्यांचा ब्लॉक बघून ठेवला. ती टायपिस्ट होती, हिशोबी आणि सरळ. बायकोने, उर्सुलाने, ब्लॉकच्या मोरीतला नळ उघडून पाणी हातावर घेतलं, चाखलं आणि मान डोलावली. झालं.  दुसऱ्या दिवशी पहाटे इसिडोर शेतावर गेला आणि दरवर्षीसारखा रोपांसाठी राब भाजायला लागला. पालापाचोळा पसरून, शेण टाकून, वर माती लोटून.

उर्सुलाने एकदाच विचारलं, आता कोणासाठी पेरतोस. तो म्हणाला, कणगीत बी आहे. बी होतं हे खरं. बापाच्या बापापासून जपलेलं राता भात, लाल तांदळाचं. पण कणगीत बियाबरोबर उंदीरही होते, आणि यंदा त्यांना कुठून सुगावा लागला होता देव जाणे, कणगीच्या बुडाला रोज नवं भोक पडत होतं. पेरणीपर्यंत तीन आठवडे. असंच चाललं तर पेरायला टरफलं उरणार होती.

याच दिवसांत कुर्ल्याच्या रेल्वे क्वार्टर्समधल्या लॅम्बर्ट गार्डाने त्याला बोलावून घेतलं. लॅम्बर्ट निवृत्त झाला होता, बायको गेलेली, आता ऑस्ट्रेलियाला लेकीकडे निघाला होता. त्याच्याकडे दोन लहान टेरियर होते, बिळातले उंदीर मारायला पाळतात त्या जातीचे, दोन्ही वर्षाच्या आतबाहेरचे. इसिडोरची कुत्र्याची हौस त्याला ठाऊक होती, कारण जेवणाच्या सुट्टीत ते स्वप्न त्याने किमान वीस वेळा ऐकलं होतं. एक तू घे, तो म्हणाला, दुसरा मुलुंडचा एक शाळामास्तर नेणार आहे. मास्तरची कुठल्याही कुत्र्याला ना नाही, म्हणून निवड तुझी.

क्वार्टरचं दार उघडलं आणि इसिडोर उंबऱ्यावरच थबकला. समोर स्वप्न उभं होतं. पांढरं, बुटकं, ताठ शेपटीचं फॉक्स टेरियर. फक्त तपकिरी डाग कानाऐवजी डोळ्यावर होता. नाव स्पॉट. त्याच्यामागे खुर्चीखाली दुसरं काहीतरी होतं. इसिडोरला आधी तो डोक्यावरून काढून ठेवलेला विगच वाटला. निळसर राखी, रेशमासारखे लांब केस, मध्ये भांग, आणि भांगाच्या दोन्ही बाजूंना शाळेच्या बाईसारखे कडक डोळे. ही सिल्की टेरियर, डचेस. मूळ सिडनीकडची जात. इसिडोरने तिच्याकडे बघून हसू दाबलं. ते लॅम्बर्टला दिसलं.

“टेरियर है, मॅन,” लॅम्बर्ट म्हणाला. “सोफा का गुलदस्ता नहीं.”

मग त्यानेच तोड काढली. दोघांना आठ दिवस घरी ने. घर सांगेल कोणतं ठेवायचं.

शनिवारी दुपारी इसिडोर कुर्ल्याहून निघाला, तेव्हा सायकलच्या हँडलला लावलेल्या पिशवीत डचेस बसली होती आणि बाजूने दोरीला बांधलेला स्पॉट पळत होता. साकीनाक्याच्या पुढे दोन्ही बाजूंना मोकळं रान लागलं. डचेसचे केस वाऱ्यावर मागे उडत होते, आणि ती समोरच्या रस्त्याकडे अशी बघत होती, जणू सायकल तिनेच भाड्याने घेतली होती. स्पॉटची जीभ लोंबत होती, पण चाल मोडली नव्हती. इसिडोर हळूहळू पॅडल मारत राहिला. रस्ता संपू नये असं त्याला वाटत होतं.

एक गोष्ट मात्र तो साफ विसरला. त्याच्या लेखी मे महिना म्हणजे राब. पण मरोळच्या कुठल्याही ख्रिस्ती बाईला विचारा, मे महिना म्हणजे बाटलीचा मसाला. आणि नेमका त्या शनिवारी उर्सुलाचा मसाला कांडायला काढला होता. अंगणात चटईवर मिरच्या, धणे, हळद, खसखस, दालचिनी असे वीस-बावीस जिन्नस भाजून ठेवलेले, कांडणाऱ्या चार बायका दोन उखळांवर समोरासमोर, मुसळांची लय लागलेली, आणि सगळ्या अंगणावर लाल धुकं. बायकांच्या नाकातोंडाला फडकी. त्या धुक्यात इसिडोर दोन कुत्री घेऊन शिरला.

स्पॉटने एक श्वास घेतला. मग तो शिंकला. अशी शिंक की चारही पाय जमिनीवरून सुटले. दुसरी, तिसरी, चौथी. पाचव्या शिंकेला दोरी इसिडोरच्या हातातून निसटली आणि कुत्रं चिंचेखालून थेट शेतात. कांडणाऱ्यांची म्होरकी पुतळाबाई मुसळ थांबवून म्हणाली, “बाबा, साहेबाचा कुत्रा आमचं कालवण कसा खायाचा? शिंकून शिंकून फुटंल तो.”

इसिडोर त्याच्यामागे धावत गेला आणि बांधाशी येऊन थांबला. ओसाड, तापलेलं शेत. राबाचा काळा चौकोन. आणि बांधावरून पांढरं कुत्रं पळत होतं, शेपूट ताठ, मधेच शिंकत. बांधाच्या टोकाला जाऊन ते वळलं आणि परत धावत आलं. पंचेचाळीस वर्षांत बांधाचं ते टोक इसिडोरने स्वप्नात कधी बघितलं नव्हतं. तो तिथेच ढेकळावर बसला. मसाल्याने म्हणा किंवा कशाने, त्याचे डोळे पाण्याने भरून आले होते.

तो परतला तेव्हा डचेस उर्सुलाच्या लुगड्याच्या पदरात नाक खुपसून तिच्या मांडीशी बसली होती. तीही शिंकली होती, पण तीनच वेळा, आणि प्रत्येक वेळी उर्सुलाकडे असं बघून, की चूक उर्सुलाची. उर्सुला मसाला काळ्या बाटल्यांत ठासून भरत होती आणि तिने हात न थांबवता कुत्रीचं नाव बदलून टाकलं होतं. “हिला डच्चू म्हनायचा,” ती म्हणाली.

पुढचे तीन दिवस स्पॉटचं नाक काही कामाचं राहिलं नाही. पोटमाळ्यावर, कणगीजवळ त्याला सोडलं की तो इकडेतिकडे हुंगे, बावचळे आणि खाली येऊन कुठल्यातरी निरुपद्रवी कोंबडीवर भुंके. उंदीर आपले बी खात होते. पेट्रिशिया म्हणाली, पप्पा, हा भुंकतो फार, ब्लॉकमध्ये शेजारी भिंतीला भिंत लागून आहेत. इसिडोर म्हणाला, नाक सुधारू दे. चौथ्या दिवशी नाक सुधारलं. इसिडोर कामावरून घरी आला तेव्हा पोटमाळ्यावर धडपड झाली, आणि तो शिडी चढून गेला तर कणगीसमोर सहा उंदीर एका ओळीत, डब्यांसारखे. त्याने ते शेपटीला धरून खाली आणले आणि येणाऱ्याजाणाऱ्याला दाखवले. गावठाणातून माणसं बघायला आली. कोणी म्हणालं, एवढा एक आमच्याकडे भाड्याने दे. इसिडोरने त्या दिवशी दोनदा दाढी केली असेल असा त्याचा चेहरा होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी पेट्रिशियाने ऑफिसच्या सँडलमध्ये पाय घातला आणि घर दणाणून टाकलं. आत मोठी घूस होती, मेलेली, मान मोडलेली. डच्चू पलंगाखाली पुढचे पाय चाटत बसली होती. कधी मारली, कुठे मारली, कोणी ऐकलं नव्हतं.

“गुलदस्ता,” इसिडोर स्वतःशीच म्हणाला. पण त्याचं मन काही हललं नाही. मन बांधावर होतं.

रोज कामावरून आला की तो स्पॉटला घेऊन शेतात जायचा. सातव्या दिवशी स्पॉट एका खुंटीपाशी थांबला. मोजणीवाल्यांनी शेताच्या चार कोपऱ्यांना खुंट्या ठोकून त्यांवर तांबड्या रंगाने आकडे घातले होते. इसिडोरने आजवर त्या खुंट्यांकडे बघायचं टाळलं होतं. आता कुत्र्यामुळे वाकून बघावं लागलं. सत्तेचाळीस. आणि काय तो सत्तेचाळीस. चारचा पाय मोडलेला, सातची मान लुळी, रंग ओघळून खाली आलेला. इसिडोरला ते बघवेना. घरून तो ब्रश आणि रंगाचा डबा घेऊन आला, उकिडवा बसला, खुंटी खरवडून साफ केली आणि नवा सत्तेचाळीस काढला. मग दुसऱ्या खुंटीवर. मग तिसऱ्या. तिन्हीसांजा होईतो चारही कोपऱ्यांना आगीनगाडीच्या पहिल्या वर्गाला शोभतील असे आकडे उभे राहिले. मागे सरून, डोळे बारीक करून त्याने ते पाहिले आणि मगच त्याच्या ध्यानात आलं की आपण काय केलं.

उर्सुला त्याला जेवायला बोलवायला आली होती आणि मघापासून मागे उभी होती. कडेवर डच्चू. तिने खुंटी पाहिली, नवऱ्याचे लाल झालेले हात पाहिले. तो वाट बघत होता की ही आता हसेल किंवा रडेल. ती त्याच्या शेजारी बांधावर बसली.

“आकडे चांगले आयले,” ती म्हणाली.

“वाईट होते ते.”

“कुत्रा तुला कंचा पायजे, मना ठाव हाय. मी नाय म्हननार नाय. पन इसिडोर, कुत्रा जगते चवदा वरसं. शेत हाय चार-पाच म्हयने. मंग त्या पांढऱ्याचा काय करशील तू? कंच्या बांधावर सोडशील?”

 स्पॉट बांधाच्या टोकाला जाऊन वळला होता आणि उरलेल्या उजेडात त्यांच्याकडे धावत येत होता.

दुसरा दिवस रविवार, आठवा. मिस्सा झाल्यावर इसिडोरने पेट्रिशियाकडून ब्लॉकची किल्ली मागून घेतली आणि दोन्ही कुत्र्यांना घेऊन तो एकटाच अंधेरीला गेला. तीन जिने. नवी भिंत, चुन्याचा वास, रिकाम्या दोन खोल्या. त्याने दार लावून घेतलं आणि दोघांच्या दोऱ्या सोडल्या.

डच्चूने एक फेरी मारली. मोरी हुंगली, एका कोपऱ्यातली फरशी नखांनी उकरून बघितली, पक्की आहे अशी खात्री झाल्यावर सोडून दिली. खिडकीतून उन्हाचा एक चौकोन खाली पडला होता, त्यात जाऊन आडवी झाली. तिच्या केसांवर ऊन निळं दिसत होतं.

स्पॉट धावला. या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत. सहा उड्यांत भिंत आली. वळला, सहा उड्या, भिंत. पुन्हा. चार वेळा असं करून तो खोलीच्या मधोमध उभा राहिला आणि त्याने इसिडोरकडे बघितलं. भुंकला नाही. आठ दिवस जे कुत्रं कोंबडीवर, पानावर, चंद्रावर भुंकलं होतं ते तिथे एकदाही भुंकलं नाही. खिडकीखाली जाऊन बसलं, आणि त्याच्या पाठीवरची कातडी बारीक थरथरायला लागली.

इसिडोर त्याच्या शेजारी फरशीवर बसला. खिडकी उंच होती. बसलेल्या माणसाला आणि कुत्र्याला तिच्यातून फक्त आभाळ दिसत होतं. त्याने स्पॉटच्या पाठीवर हात ठेवला. थरथर थांबली नाही, हातात आली. बराच वेळ ते दोघे तसे बसले होते आणि उन्हाचा चौकोन सरकत होता. डच्चू झोपेतच चौकोनाबरोबर सरकत होती.

तिथून तो तसाच कुर्ल्याला गेला. लॅम्बर्ट पेट्या बांधत होता. इसिडोरने स्पॉटची दोरी त्याच्या हातात दिली आणि फक्त एवढं विचारलं, की मुलुंडच्या मास्तरकडे मोकळी जागा आहे का. लॅम्बर्ट म्हणाला, डोंगराच्या पायथ्याला शाळा, शाळेला मैदान, मैदानाच्या पलीकडे शेतं, आणि मास्तर रोज कोठीतल्या उंदरांबद्दल रडतो. इसिडोरने ते पुन्हा सांगायला लावलं. मैदान किती मोठं, शेतं कोणाची, बांध आहेत का. लॅम्बर्टला माहीत नव्हतं, पण भला माणूस होता, म्हणाला, बांध आहेत, लांब लांब बांध आहेत.

पेरणी झाली. तोवर बियाची राखण डच्चूने केली होती, आवाज न करता, एकदा सँडलमध्ये आणि दोनदा उर्सुलाच्या परातीखाली मारलेल्यांचा हिशोब ठेवून. रोपं आली, लावणी झाली. भात पोटरीला आलं तेव्हा डच्चू बांधावरून चालायला शिकली होती. धावत नसे. चिखलाने केस पोटाशी चिकटलेले, मोरी पुसायचं फडकं चालावं तशी ती इसिडोरच्या मागे मागे येई, बीळ दिसलं की थांबे. तो थांबला नाही तर एकदाच, हलकं, भुंके.

ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारी आगेरा झाला. नव्या भाताच्या लोंब्या चर्चमध्ये नेऊन पाद्रीकडून आशीर्वाद घ्यायचा सण. इसिडोरने राताच्या लोंब्यांची पेंढी उर्सुलाच्या लाल लुगड्याच्या काठाने बांधून नेली. गावातल्या निम्म्या पेंढ्या त्या वर्षी शेवटच्या होत्या, पण कोणी तसं म्हटलं नाही. बँड वाजला. घरी आल्यावर त्याने दाणे चोळून काढले, वाळवले आणि मसाल्याच्या एका धुतलेल्या काळ्या बाटलीत भरून तोंडाला मेण लावलं. नोव्हेंबरात ताबा घ्यायला माणसं आली तेव्हा त्यांच्यातल्या एकाने खुंटी बघून विचारलं, आकडे कोणी काढले. आपल्या ऑफिसात असा माणूस नाही. उर्सुला म्हणाली, होता एक पेंटर.

तिसऱ्या मजल्यावर डच्चू तेरा वर्षं जगली. पेट्रिशियाचं लग्न झालं, ती वांद्र्याला गेली, तिची पोरं येऊन डच्चूची वेणी घालू लागली. इसिडोर निवृत्त झाला. वर्कशॉपात आता आकडे पत्र्याच्या साच्यावरून मारतात असं कोणीतरी सांगितलं, तर तो म्हणाला, सातचं वाईट वाटतं, बाकीचे सांभाळून घेतील. मुलुंडला मात्र तो कधी गेला नाही. उर्सुला म्हणायची, जाऊन बघून ये एकदा. तो हो म्हणायचा. गेला असता आणि मास्तरकडे बांध नसते तर, एवढा एक प्रश्न तो अंगावर घ्यायला तयार नव्हता. दुपारी उन्हाचा चौकोन खिडकीतून आत आला की तो तिथेच चटई टाकायचा. डच्चू आधीच आडवी असायची. दोघं चौकोनाबरोबर सरकत सरकत संध्याकाळपर्यंत मोरीच्या दाराशी पोचायची.

एकोणऐंशीच्या थंडीत ती त्या चौकोनातच गेली. फडताळात बियाची बाटली अजून होती. उर्सुलाने एकदा मेण काढून वास घेतला होता. म्हणाली, धुतली तरी मसाल्याचाच वास येतो, पेरलंस तर तिखट भात उगवेल. आणि पुन्हा मेण लावून ठेवली.

त्या वर्षी इसिडोर दुपारी झोपला की उर्सुला शिवण घेऊन त्याच्या उशाशी बसे. एके दिवशी तो झोपेत हसला. उठल्यावर तिने विचारलं, पांढरा आयलेला का.

 इसिडोर म्हणाला की नाही. बांध तोच होता, ऊन तेच होतं. पण जे चाललं होतं ते बुटकं होतं, भिजलेलं होतं, चिखलाने पोटाचे केस चिकटलेले होते. धावत नव्हतं. बिळापाशी थांबलं, आणि मी पुढे निघालो तसं एकदा भुंकलं.

“मंग?” उर्सुलाने विचारलं.

“मंग थांबलू,” इसिडोर म्हणाला.

त्याने कूस बदलली. उन्हाचा चौकोन त्याच्या पायापर्यंत आला होता. उर्सुलाने शिवण बाजूला ठेवली आणि त्याची चटई हाताने जराशी पुढे ओढली.